ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मजबूत करायचा तर: इंजिनची ताकद वाढवण्याआधीचं काम

पुण्यात अजूनही एक समज घट्ट बसलेला आहे: ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक, ताकदीची गाडी हवी तर मॅन्युअलच घ्यावी. टोयोटाच्या २.८ लिटर फॉर्च्युनरचं माहितीपत्रक काढून बघा. इंजिन तेच, पण मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, ४२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० डिझेलमध्ये ४२० आणि ४५०. स्कॉर्पिओ-एन डिझेलमध्ये ३७० आणि ४००. कंपनी स्वतःहून ऑटोमॅटिकच्या पदरात जास्त टॉर्क टाकते. टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून पुढे देणारा गिअरबॉक्स मुळात दुबळा नसतो. त्याला मारतात दोन गोष्टी, तेलाचा कमी पडलेला दाब आणि तेलाचा चढलेला ताप.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या सहा गिअरच्या डिझेल एसयूव्हीला मी इंजिनच्या वायरिंगमध्ये मध्येच जोडायची एक छोटी डबी लावली होती, तिला सगळे ट्यूनिंग बॉक्स म्हणतात. काही महिने गाडी अशी पळायची की चांदणी चौकाचा चढ सपाट वाटायचा. मग एका एप्रिलच्या दुपारी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात, चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन चढत असताना चौथ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा हजारभर वर उडाला आणि वेग मात्र तसूभरही वाढला नाही. पाठोपाठ जळका वास. भोसरीत गिअरबॉक्स खोलला तेव्हा एका क्लच पॅकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने एकमेकींवर दाबल्या जाऊन गिअर धरणाऱ्या चकत्यांच्या संचाच्या, प्लेटा कोळशासारख्या काळ्या होत्या आणि त्यांच्या मधल्या स्टील प्लेटांवर निळे डाग पडलेले होते. त्यानंतर तो गिअरबॉक्स नीट बांधला, गाडीची ताकद पुन्हा वाढवली, आणि तो आजही चालतोय. त्या कामाचा क्रम इथे देतोय. हा क्रम उलटा केला की पैसा दोनदा जातो.

आधी ओळख: कोणता बॉक्स, किती झेपतो

पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सबद्दल आहे. एएमटी (मॅन्युअलच, पण क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारा) आणि सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुली) वाल्यांनी यातलं फक्त तेल आणि तापमान एवढंच घ्यावं, सीव्हीटीवर जास्त टॉर्क घालायच्या भानगडीत मी पडत नाही. ड्युअल क्लचचं शास्त्र वेगळं. चाकणला बनणाऱ्या व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक यांच्या १.५ टीएसआयला जो सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच) लागला, त्याची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आणि इंजिनही बरोबर २५० देतं. म्हणजे पेला कारखान्यातूनच काठोकाठ भरलेला आहे.

गिअरबॉक्सच्या बॉडीवर एक धातूची पट्टी किंवा स्टिकर असतो. गाडी रॅम्पवर घ्या, चिखल पुसा, फोटो काढा. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्समध्ये नावातच उत्तर असतं: ८एचपी४५ म्हणजे ढोबळमानाने ४५० न्यूटन मीटर, ८एचपी७० म्हणजे ७००. आयसिन या जपानी कंपनीच्या मॉडेल नंबरवरून इतकं सरळ कळत नाही, पण तोच बॉक्स आणखी कोणत्या गाडीत, किती टॉर्कच्या इंजिनमागे लावलाय हे शोधलं की अंदाज येतो. तिथेही बघा, नंबर सारखा असला तरी आतल्या प्लेटांची संख्या इंजिनप्रमाणे बदललेली असू शकते.

किती ताकद हवी, आणि कुठे

गिअरबॉक्सला हॉर्सपॉवर कळत नाही, टॉर्क कळतो. दोघांचं नातं असं: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, म्हणजे पीएस (हॉर्सपॉवरचंच मेट्रिक माप).

एक गणित मांडून बघू. तुमचं डिझेल इंजिन १७५० ते २७५० आरपीएमपर्यंत ४०० न्यूटन मीटर देतं आणि ३५०० ला १७५ पीएस. ३५०० ला १७५ पीएस म्हणजे तिथे टॉर्क उतरून साधारण ३५० झालेला आहे. ट्यूनरने, म्हणजे इंजिनचा प्रोग्रॅम बदलणाऱ्याने, खालचा ४०० तसाच ठेवला आणि फक्त तो ३५०० पर्यंत टिकवून धरला तर ताकद होते ४०० गुणिले ३५०० भागिले ७०२३, म्हणजे जवळपास २०० पीएस. पंचवीस पीएस वाढले आणि गिअरबॉक्सने एका न्यूटन मीटरचाही नवा कमाल भार पाहिला नाही. इंजिनच्या बाजूने एक्झॉस्टचं तापमान सांभाळावं लागतं, तो वेगळा विषय.

बाजारात मात्र विकलं जातं ते उलटं: १६०० आरपीएमला टॉर्कचा दणका, कारण सीटमध्ये पाठ दाबली गेली की गिऱ्हाईक खूश. तो दणकाच क्लच पॅक खातो. म्हणून ट्यूनरकडे जाताना कमाल पीएस विचारू नका, टॉर्कचा आलेख मागा. सगळ्या लेखातलं एकच पाळायचं असेल तर हे पाळा.

खोलण्याआधी तपासणी

आजारी बॉक्सवर ताकद चढवायची नाही. पॅन उतरवा आणि आतली चुंबकं बघा. राखाडी, मऊ, लोण्यासारखा लेप असेल तर ती रोजची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकाकणारे तुकडे दिसले तर थांबा, आत कुठलं तरी बेअरिंग किंवा गिअर बोलतोय. तेल काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर क्लच प्लेट जळायला सुरुवात झाली आहे.

मग स्कॅनर जोडून गाडी चालवा. बघायच्या गोष्टी: तेलाचं तापमान, टर्बाइनचा (गिअरबॉक्सात शिरणाऱ्या बाजूचा) वेग, आउटपुट शाफ्टचा (बाहेर पडणाऱ्या बाजूचा) वेग, आणि कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणाऱ्या लॉक-अप क्लचची स्लिप, म्हणजे घसरण. एका गिअरमध्ये स्थिर असताना टर्बाइन आणि आउटपुट यांचं गुणोत्तर त्या गिअरच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. एक्सलेटर दाबल्यावर ते हललं तर तो पॅक घसरतोय. नवीन गाड्यांत प्रत्येक क्लचचे अ‍ॅडॅप्टेशनचे, म्हणजे झीज भरून काढायला बॉक्स स्वतः शिकलेले आकडेही वाचता येतात. एखाद्या क्लचचा आकडा इतरांपेक्षा फार दूर गेला असेल तर तिकडची झीज बॉक्स स्वतः झाकत आलाय असं समजा. ही तपासणी गार आणि गरम, दोन्ही अवस्थेत करा. सकाळी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी शहाण्यासारखा वागणारा बॉक्स दुपारी दिवे घाटात झटके मारू शकतो.

तेल

‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. झेडएफ कंपनी स्वतः आपल्या बॉक्सचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. ताकद वाढवलेल्या आणि घाटात फिरणाऱ्या गाडीत मी ४०,००० च्या पुढे जात नाही.

ड्रेन बोल्ट काढला की साधारण निम्मंच तेल बाहेर येतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून काही किलोमीटर चालवून पुन्हा बदला. ग्रेड तोच घ्या जो बॉक्स बनवणारा सांगतो. या तेलातल्या घर्षणाच्या रसायनावरच क्लचची पकड ठरते, त्यामुळे ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं लिहिलेला डबा मी उचलत नाही. नाना पेठेत तेल घेणार असाल तर सीलबंद डबा आणि पक्कं बिल घ्या, नकली तेलाचा फटका फार महाग पडतो.

पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून आणि ठरलेल्या तापमानाला. झेडएफच्या ८एचपीत ३० ते ५० अंशांच्या दरम्यान, आयसिनमध्ये मॅन्युअल सांगेल ते. हे काम पुण्यात मे महिन्यात दुपारी करू नये. पत्र्याच्या शेडमध्ये हवाच ४० अंश असते, गाडी चालू करून लेव्हल प्लग उघडेपर्यंत तेल ५० च्या पार जातं. फुगलेलं तेल बाहेर येतं, आपल्याला वाटतं पातळी बरोबर आहे, आणि बॉक्समध्ये तेल कमी राहतं. सकाळी सातला या, गाडी रात्रभर तिथेच ठेवा.

ताप उतरवणं

कन्व्हर्टर लॉक नसतो तेव्हा इंजिनची काही ताकद तेल घुसळण्यात जाते आणि ती सगळी उष्णता होते. घाटात इंजिन ६० किलोवॅट देत असेल आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर १२ किलोवॅट तेलात उतरतात. बाथरूममधला इन्स्टंट गिझर ३ किलोवॅटचा असतो, तसे चार गिझर गिअरबॉक्सच्या पोटात चालू आहेत असं समजा. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत ताकद कमी लागते, पण समोरून वाराही नसतो.

तेल ८० ते ९५ अंशांवर सुखात असतं. १२० च्या पुढे ते झपाट्याने बिघडू लागतं. गिअरबॉक्सवाल्यांचा एक जुना ढोबळ नियम आहे: ८० च्या वर दर अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं.

बहुतेक गाड्यांत इंजिनच्या कूलंटने गिअरबॉक्सचं तेल गार करणारा हीट एक्स्चेंजर असतो. तो काढू नका, सकाळी तेल लवकर गरम करण्याचं कामही तोच करतो. त्याच्या पुढे, म्हणजे तेल परत बॉक्समध्ये जाण्याच्या वाटेवर, हवेवर चालणारा कूलर जोडा. पत्र्याच्या पंख्यांतून फिरणाऱ्या एकाच नळीचा घेऊ नका, प्लेटा रचलेला घ्या. मध्ये थर्मोस्टॅटिक बायपास हवाच, नाहीतर डिसेंबरच्या पहाटे तेल गरमच होत नाही आणि बॉक्स लॉक-अप देत नाही. कूलर एसीच्या कंडेन्सरसमोर बोटभर जागा ठेवून, ब्रॅकेटवर बसवा. प्लास्टिकच्या टायने रेडिएटरच्या जाळीतून शिवलेला कूलर मी पाहिलाय, त्याने रेडिएटर घासून भोक पाडलं होतं. होज तेलाचाच आणि दाबाचा घ्या, पंख्याच्या आणि एक्झॉस्टच्या वाटेत येऊ देऊ नका.

गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर हीट एक्स्चेंजर नवा टाका. तो आतून फुटला की कूलंट तेलात मिसळतं, आणि क्लच प्लेटवरचा कागदी थर ज्या गोंदाने चिकटलेला असतो तो गोंद सुटतो. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, टो करा.

खोटं बोलणारी डबी

माझा बॉक्स जळला तो यामुळे. इंजिनचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सतत कळवत असतो की या क्षणी मी इतका टॉर्क देतोय. त्या आकड्यावर गिअरबॉक्स ठरवतो की क्लच किती दाबाने धरायचा. ट्यूनिंग बॉक्स डिझेल रेलच्या (इंधनाच्या दाबाच्या) किंवा बूस्टच्या (टर्बोच्या हवेच्या दाबाच्या) सेन्सरचा सिग्नल कमी करून पाठवतो. इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं दाब कमी आहे, म्हणून तो वाढवतो. प्रत्यक्षात ४८० न्यूटन मीटर निघतात आणि इंजिन प्रामाणिकपणे सांगतं ४००. गिअरबॉक्स ४०० च्या हिशोबाने धरतो. कंपनीने ठेवलेली राखीव पकड त्या ८० मध्ये संपते, आणि गरम तेलात, भरल्या गाडीत, चढावर प्लेट घसरते.

नीट केलेला रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा बदललेला प्रोग्रॅम, टॉर्कचे तक्तेच नव्याने लिहितो, त्यामुळे बॉक्सला खरा आकडा पोचतो. पण काही ट्यूनर गिअरबॉक्सची मर्यादा आडवी येऊ नये म्हणून रीमॅपमध्येही आकडा मुद्दाम कमी दाखवतात. म्हणून स्पष्ट विचारा: ‘वाढलेला टॉर्क गिअरबॉक्सला कळणार ना? त्याच्या प्रोग्रॅममधली मर्यादा तुम्ही बदलणार ना?’ उत्तरात टाळाटाळ दिसली तर गाडी परत आणा.

निरोगी बॉक्स, ताजं तेल, जास्तीचा कूलर आणि खरा आकडा, एवढ्यावर माझ्या मते दहा-पंधरा टक्के जास्त टॉर्क बहुतेक बॉक्स निभावतात. त्यापुढे जायचं तरच खोला.

बॉक्स खोलल्यावर

क्लच पॅकची पकड चार गोष्टींवर ठरते: घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, घर्षण गुणांक, पिस्टनचा जोर आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. त्रिज्या बदलता येत नाही. उरल्या तीन.

सगळ्यात स्वच्छ वाढ प्लेट वाढवून मिळते. चारच्या पाच केल्या की पकड पंचवीस टक्के वाढते. जागा काढायला पातळ स्टील प्लेट किंवा पातळ प्रेशर प्लेट घालावी लागते. पण उष्णता शोषून घेते ती स्टील प्लेटच. ती फार पातळ केली तर एका जोरदार शिफ्टमध्ये ती निळी पडेल. ज्या पॅकवर वरच्या गिअरमध्ये सतत भार असतो तिथे प्लेट वाढवणं फायद्याचं, जो पॅक शिफ्टमध्ये जास्त घासतो तिथे स्टीलची जाडी सांभाळा. कोणता पॅक कोणत्या गिअरमध्ये धरतो याचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो भिंतीवर चिकटवूनच काम करा.

दाब वाढवणं सोपं वाटतं. प्रेशर रेग्युलेटरची स्प्रिंग बदलली किंवा प्रोग्रॅममधून दाब वाढवला की पकड त्याच प्रमाणात वर जाते. दहा टक्क्यांपर्यंत मीही जातो. त्यापुढे पंपावर भार येतो, सील फाटतात, शिफ्टला झटका बसतो आणि तो झटका शेवटी ड्रम आणि शाफ्ट सोसतात. वाढवलेला दाब आधी गळतीतून पळून जात नाही ना हे बघणं जास्त मोलाचं. तेलाचा दाब वाटून देणारी वॉल्व्ह बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, आतल्या वॉल्व्हची छिद्रं झिजून ढिली होतात. वॉल्व्ह कोरडा घालून हलवा, खडखड वाजला तर ते छिद्र रीमरने मोठं करून जास्त व्यासाचा वॉल्व्ह बसवावा लागतो. सॉनॅक्ससारख्या कंपन्या बॉक्सनुसार असे किट आणि रीमर देतात. रीमिंग हे हॅंड ड्रिलने करायचं काम नाही. सोलेनॉइड (वॉल्व्ह हलवणारे विजेचे स्विच) जुने असतील तर सगळा संच बदला.

आता बांधणी. इथे घाई करणाऱ्याकडे काम देऊ नका.

कॉटन वेस्ट टेबलावरून हद्दपार करा, तिचा एक धागा वॉल्व्ह अडकवायला पुरतो. नव्या क्लच प्लेटा गिअरबॉक्सच्याच तेलात निदान अर्धा तास बुडवून ठेवा, मी रात्रभर ठेवतो. सगळे सील, ओ-रिंग, टेफ्लॉन रिंग नव्या. सील जागेवर धरायला व्हॅसलीन चालतं, ग्रीस आणि सिलिकॉन चालत नाही. ड्रमच्या आत प्लेटांच्या दातांनी खाचा पाडल्या असतील तर ड्रम बदला. त्या खाचांत प्लेट अडकते आणि सुटतच नाही. वन-वे क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा) बसवला की हाताने दोन्हीकडे फिरवून बघा, एकीकडे मोकळा, दुसरीकडे घट्ट. उलटा बसवलेला कळतो तो गाडीत चढवल्यावरच.

प्रत्येक पॅकची गॅप फीलर गेजने मोजा आणि वहीत लिहा. मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या खालच्या निम्म्यात ठेवा. मर्यादेपेक्षाही कमी केली तर मोकळ्या असतानाही प्लेटा घासत राहतात आणि नव्या असतानाच जळतात. मग हवेची चाचणी: त्या पॅकच्या तेलाच्या छिद्रात साधारण ४० पीएसआय हवा द्या. ‘थप्’ असा भरीव आवाज येऊन पॅक बंद व्हायला हवा. फुसफुस आली तर सील दुमडला आहे, पुन्हा खोला. पावसाळ्यात त्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा. शेवटी डायल गेजने शाफ्टचा एंड प्ले, म्हणजे तो मागेपुढे किती सरकतो ते मोजा.

कन्व्हर्टर

प्लेटा बदलून जुना कन्व्हर्टर तसाच लावणं ही सर्रास होणारी चूक. जळलेला कचरा त्याच्या पोटात असतो आणि तो धुऊन निघत नाही. तो लेथवर कापून, आतला लॉक-अप क्लच बदलून, पुन्हा वेल्ड करावा लागतो. डिझेलचा टॉर्क कमी आरपीएमलाच येतो आणि आजचे बॉक्स लवकर लॉक होतात, त्यामुळे वाढलेला टॉर्क सर्वात आधी हाच क्लच झेलतो. भोसरीत गल्लीगल्लीत लेथ आहे, पण कन्व्हर्टर मध्यावर वेल्ड करणारे थोडे. देताना तीन कागद मागा: रनआउट (फिरताना किती डगमगतो ते), बॅलन्सिंग, गळती चाचणी. एकूण उंची मूळ मापाइतकीच हवी.

बसवण्याआधी त्यात थोडं तेल भरा. हाताने फिरवत आत ढकलला की तो टप्प्याटप्प्याने बसतो: टर्बाइन शाफ्ट, स्टेटर, शेवटी पंप. शेवटचा टप्पा राहिला आणि बोल्ट आवळले तर पंप तिथेच फुटतो. बॉक्स इंजिनला भिडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) थोडी फट दिसली पाहिजे, साधारण २ ते ५ मिलिमीटर, नेमकं माप मॅन्युअलमधून. जुना कूलर आणि पाइप फ्लश करून परतीच्या वाटेवर एक फिल्टर टाका.

प्रोग्रॅम, आणि मग ताकद

जुनी अ‍ॅडॅप्टेशन पुसल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, जुन्या सैल पॅकसाठी शिकलेले आकडे नव्या पॅकला चुकीचे ठरतात. शिकवणीची पद्धत बॉक्सप्रमाणे वेगळी, पण सगळ्यांत हलका, सारखा एक्सलेटर ठेवून प्रत्येक गिअर वरखाली पुन्हा पुन्हा जावा लागतो. सकाळी लवकर जुन्या मुंबई रस्त्यावर, देहू रोडच्या पुढे हे बरं जमतं. शेजारी स्कॅनर घेऊन बसणारा माणूस हवा, चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही.

पहिले ५०० किलोमीटर मूळ ताकदीवरच. मग रीमॅप, तोही टप्प्याने, पूर्ण भाराची चाचणी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर). शिफ्टच्या क्षणी इंजिन जो टॉर्क क्षणभर कापतं तो काही ट्यूनर ‘जलद शिफ्ट’साठी काढून टाकतात. तो ठेवा.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये त्यासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. तेल, कूलर, दर्जेदार प्लेटा हा देखभालीचा भाग म्हणता येतो. इंजिनची ताकद वाढवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. वॉरंटी उरली असेल तर ती जाणार हे धरून चाला.

१,००० किलोमीटरला पॅन पुन्हा उतरवा. चुंबकावर थोडा नवा लेप असेलच, नव्या प्लेटा बसतानाचा. तो कागदावर पुसून घ्या, तारीख आणि किलोमीटर लिहून जपून ठेवा, आणि पुढच्या वेळी पॅन उतरवाल तेव्हा नवा कागद त्याच्या शेजारी ठेवून बघा.